अठरा होल, छत्तीस ग्रीन

गोल्फ खेळणाऱ्याचं वय त्याच्या पहिल्या फटक्यात कळतं. पन्नाशीत सव्वादोनशे यार्ड जाणारा चेंडू सत्तरीत दीडशेच्या पुढेमागे घुटमळतो. कंबर पूर्वीसारखी वळत नाही, खांदा भरून येतो, गुडघा बोलायला लागतो. मग हातात उरतं ते पटिंग. भोकाभोवतीच्या, तासून गुळगुळीत केलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात, आणि तिथे ताकदीला काही किंमत नसते. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, मैदानाच्या हिशेबात बरोबर निम्मे, म्हणजे ३६ फटके, ग्रीनवरचे धरलेले असतात. या निम्म्या खेळात पंचाहत्तरीचा माणूस पस्तिशीच्या माणसाशी बरोबरीने भिडतो आणि पुष्कळदा त्याला हरवतोही.

जपानमधल्या निवृत्त गोल्फरांना ‘एजशूट’ची ओढ असते ती यामुळेच. अठरा होल आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत संपवायचे, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अठ्ठ्याहत्तर. ज्याला हे जमलं त्याला क्लबात मान मिळतो, मित्र मेजवानी मागतात, काही जण स्मृतिचिन्हं बनवून वाटतात. वय वाढत जाईल तसं गणित सोपं होत जाणारा हा दुर्मीळ पराक्रम आहे. अट एवढीच की चेंडू ग्रीनवर सरळ धावला पाहिजे. ग्रीनला चट्टे पडलेले असले, वाळू उघडी पडली असली, मध्येच तणाचा गड्डा उगवला असला, तर पाच फुटांवरून अचूक मारलेला चेंडूही भोकाच्या कडेला वळून निघून जातो. म्हातारपणाने जे एक कौशल्य शाबूत ठेवलेलं असतं, तेच खराब ग्रीन काढून घेतं. त्यामुळे जपानी क्लबांत ज्येष्ठ सभासद ग्रीनबद्दल जी तक्रार करतात तिला मी किरकिर म्हणू शकत नाही. ती सगळ्यात रास्त तक्रार आहे, आणि तिच्या मुळाशी गेलं की या देशाच्या गेल्या सव्वाशे वर्षांतलं बरंच काही हाताला लागतं.

जपानमध्ये आज पासष्टीपुढची माणसं सुमारे २९ टक्के आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये शंभरी ओलांडलेल्यांची संख्या लाखाच्या अगदी जवळ पोचली होती. युद्धानंतर १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जन्मलेली मोठी पिढी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत राबली, कंपनीच्या खर्चाने गोल्फ शिकली, आणि आता सगळीच्या सगळी पंचाहत्तरीच्या पलीकडे गेली आहे. देशात गोल्फची मैदानं अजूनही दोन हजारांहून अधिक आहेत. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी त्यांतल्या कुठल्याही मैदानावर गेलात तर टोप्यांखालचे केस पांढरेच दिसतील. नऊ होल खेळायचे, क्लबहाउसात बसून निवांत जेवायचं, पुन्हा नऊ होल, मग गरम पाण्याच्या मोठ्या हौदात अंग शेकायचं आणि संध्याकाळी घरी. हा दिवसाचा साचा जपानी गोल्फचा स्वतःचा आहे. निवृत्त माणसाला तो असा चपखल बसतो की क्लब म्हणजे त्याची दुसरी आळीच होऊन जाते. अमेरिकेत फ्लोरिडा-ॲरिझोनात निवृत्तांसाठी मुद्दाम गोल्फभोवती वसाहती बांधल्या. जपानमध्ये तशा थोड्या. इथे वसाहती आधी होत्या, माणसं त्यांतच म्हातारी झाली, आणि जवळचं मैदान आपोआप म्हाताऱ्यांचं झालं.

सायतामा प्रांतातलं हातोयामा हे तसंच एक गाव. तोक्योच्या वायव्येला साधारण पन्नास किलोमीटरवर, टेकड्यांच्या कुशीत. सत्तरच्या दशकात टेकड्या सपाट करून तिथे ‘न्यू टाउन’ उभारलं. तोक्योत नोकरी, इथे स्वतःचं बंगलेवजा घर, समोर चार झाडं. मुलं मोठी होऊन शहरात गेली, आईवडील राहिले. गावाची लोकसंख्या आता तेरा हजारांच्या आसपास आहे आणि जवळपास निम्मी माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. भोवतालच्या टेकड्यांवर गोल्फची मैदानं आहेत. जपानच्या अंतराळ संस्थेचं पृथ्वी-निरीक्षण केंद्रही याच गावात आहे, उपग्रहांचे संदेश झेलणाऱ्या मोठ्या तबकड्या असलेलं. ५ ऑगस्ट २०२५ या दिवशी हातोयामात पारा ४१.४ अंशांवर गेला. त्याच दिवशी शेजारच्या गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीत ४१.८ अंशांची नोंद झाली, आणि तो जपानचा आजवरचा उच्चांक ठरला. २०२३, २०२४ आणि २०२५ हे लागोपाठ तीन उन्हाळे जपानच्या हवामान खात्याच्या नोंदींतले सगळ्यात तापलेले उन्हाळे आहेत.

विदर्भातला वाचक म्हणेल, ४१ अंशांत एवढं काय! गवताच्या दृष्टीने त्यात फार काही आहे, आणि ते समजण्यासाठी ग्रीनवर कुठलं गवत आहे ते बघायला हवं.

जपानमधलं पहिलं गोल्फचं मैदान आर्थर हेस्केथ ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याने कोबेजवळच्या रोक्को डोंगरावर केलं. १९०१मध्ये चार होल, १९०३मध्ये नऊ होल आणि रीतसर क्लब, पुढच्या वर्षी अठरा. सुरुवातीला तिथले ग्रीन वाळूचे होते. आपल्याकडेही छावणीच्या जुन्या मैदानांवर तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत, त्याच जातीचे. मग गवताचे ग्रीन आले आणि जपानी गोल्फची खरी अडचण सुरू झाली. मुख्य बेटाचा हिवाळा कडक, उन्हाळा दमट आणि तापलेला. एकच गवत बारा महिने टिकेना.

इथलं गवत कोराई. झॉयसिया जातीचं, काटक, उन्हात खुलणारं. ऊस-ज्वारीसारखी त्याची प्रकाशसंश्लेषणाची रीत उष्णतेला साजेशी आहे. पण नोव्हेंबरात थंडी पडली की ते पेंढ्यासारखं पिवळं पडून झोपी जातं, ते थेट वसंतात जागं होतं. शिवाय पातं राठ. त्याचा कल ज्या बाजूला असेल तिकडे चेंडू ओढला जातो. कलाबरोबर मारलं तर सुसाट, विरुद्ध मारलं तर जागीच रुततो. जपानी गोल्फर ग्रीनवर वाकून आधी उतार बघत नाहीत, गवताचा कल बघतात, ही सवय कोराईने लावली.

दुसरं गवत युरोपातून आलेलं, बेंट. पातं केसासारखं बारीक आणि मऊ, तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापलं तरी दाट राहणारं. त्यावर चेंडू काचेवरून गेल्यासारखा जातो. पण हा थंड हवेचा जीव. पंधरा ते चोवीस अंशांत खूश. तीसच्या पुढे पान जेवढं अन्न बनवतं त्याहून अधिक श्वसनात जळायला लागतं. दिवस तापला आणि रात्री गारवा आला तर ते सावरतं. रात्रीही पारा पंचवीसखाली उतरला नाही, तर साठवलेलं अन्न खात खात ते झिजतं, मुळं आखडतात आणि मग बुरशीला आयतं भक्ष्य मिळतं.

मग जपानी लोकांनी एक तोडगा काढला. प्रत्येक होलला दोन ग्रीन करायचे, एक कोराईचा आणि एक बेंटचा. उन्हाळ्यात झेंडा कोराईवर, उरलेल्या काळात बेंटवर. युद्धानंतरच्या दशकांत हा शिरस्ताच झाला. अठरा होलच्या मैदानाला छत्तीस ग्रीन. परदेशी मैदान-रचनाकार नाकं मुरडत, कारण दोन ग्रीनमुळे मैदानाचा घाट बिघडतो, बंकर कुठे ठेवायचे कळत नाही. मला मात्र ही कल्पना थोर वाटते. हवामानाशी भांडण न करता त्याला शरण जाऊन खेळ बारा महिने चालू ठेवण्याची ती युक्ती होती. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे माणसं. छत्तीस ग्रीन कापायला, पाणी द्यायला, तण खुरपायला, वाळू पसरायला भरपूर माणसं मिळतील आणि स्वस्तात मिळतील, हे गृहीत. खेड्यांतल्या शेतकरी बायका हे काम करत. मैदानं त्यांच्याच डोंगरावर झालेली होती.

कावागोए शहरातल्या कासुमिगासेकी क्लबच्या नावाशी जपानी गोल्फचा सारा इतिहास बांधलेला आहे. १९५७मध्ये तिथे कॅनडा कप स्पर्धा झाली. तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो या दोघांनी अमेरिकेच्या सॅम स्नीडसारख्या दिग्गजांना मागे टाकून सांघिक विजय मिळवला, नाकामुरा वैयक्तिक स्पर्धेतही पहिला आला. कोराई ग्रीनचा कल पाहुण्यांना उमगला नाही, असं तेव्हापासून आजतागायत सांगतात. सामने दूरचित्रवाणीवर दिसले आणि देशाला गोल्फचं वेड लागलं. त्या वेळी मैदानं शंभराच्या आसपास होती. चार दशकांत ती दोन हजारांच्या वर गेली.

याच कासुमिगासेकीने तोक्यो ऑलिम्पिकसाठी दोन ग्रीनची पद्धत मोडली. अमेरिकी रचनाकार टॉम फाझिओ आणि त्याचा मुलगा लोगन यांनी पूर्वेचं मैदान नव्याने बांधलं आणि प्रत्येक होलला बेंटचा एकच मोठा ग्रीन ठेवला. २०२१च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिकचे सामने तिथे झाले. उन्हाचा तडाखा असा होता की महिलांच्या स्पर्धेत एका अमेरिकी खेळाडूच्या कॅडीला फेरी अर्धवट सोडून सावलीत जावं लागलं. ग्रीन मात्र उत्तम राहिले, कारण त्यांच्यामागे पैसा होता आणि माणसांची फौज होती. जगाने ते पडद्यावर पाहिलं. आपल्याही क्लबात असेच ग्रीन हवेत असं शेकडो क्लबांच्या सभासदांना वाटलं, यात त्यांची चूक नाही. एक-ग्रीनची लाट त्याआधीच सुरू झालेली होती. १९५०च्या दशकात पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून आलेलं पेनक्रॉस आणि नव्वदच्या दशकातले त्याच विद्यापीठाचे अधिक दाट, उष्णता सोसणारे वाण आले, तेव्हा कोराईची गरज संपली असं अनेकांनी ठरवलं. कोराईचे ग्रीन उकरले गेले किंवा बाजूला सरावासाठी पडून राहिले. उष्णता सोसणारा म्हणजे किती अंश सोसणारा, हा प्रश्न तेव्हा एवढा निकडीचा नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी सायतामातल्या एका मैदानावर ग्रीनकीपरने जमिनीत नळी खुपसून गवताचा गड्डा बाहेर काढला, तेव्हा प्रश्न समोर दिसला. पेरभर जाडीची, हाताच्या लांबीची वाळूची कांडी. वर हिरवी टोपी, तिच्याखाली तपकिरी, ओलसर, आंबूस वासाचा थर, आणि त्याखाली पांढरी मुळं जेमतेम दोन बोटं. मेमध्ये हीच मुळं वीतभर खाली गेलेली असतात. नळी जिथे खुपसली तिथून हातभर अंतरावर ताटाएवढा चट्टा होता, कडा धुरकट, मधलं गवत पिवळं आणि चिकट. पहाटेच्या दवात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसतात आणि ऊन चढलं की नाहीसे होतात. म्हणून ग्रीनकीपरला उजाडण्याआधी यावं लागतं. तो गुडघ्यावर बसून, बॅटरी आडवी धरून ग्रीन वाचतो.

त्याच्या दुपारीही सोप्या नसतात. पानं गार करायला पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा, पान ओलं होईल पण मूळ बुडणार नाही एवढाच. जास्त झालं तर तापलेल्या वाळूत पाणी साचून मुळं शिजतात. कमी झालं तर वाळूचे काही भाग पाणी शोषायचंच सोडून देतात आणि तिथे कोरडे डाग पडतात. हे काम यंत्रावर सोपवता येत नाही. पाइप हातात घेऊन, डाग बघत, अठरा ग्रीन फिरावे लागतात. झाडी दाट असलेल्या ग्रीनशेजारी मोठे पंखे लावतात, कारण कोंडलेली हवा हा बेंटचा निम्मा आजार असतो. वसंतात वेगळीच लढाई. बेंटमध्ये वार्षिक पोआ नावाचं तण घुसतं, त्याला पांढुरके तुरे येतात, चेंडू त्यावर अडखळतो, आणि उन्हाळा लागला की ते मरून मागे टक्कल ठेवतं. ते काढायचा खात्रीचा उपाय आजही उकिडवं बसून छोट्या टोकदार हत्याराने एकेक रोप उपटणं हाच. मान झाकणाऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने हे करताना दिसतात. आपल्याकडच्या निंदणीची आठवण व्हावी, फक्त या बायका सत्तरीच्या आहेत.

आणि एवढी निगा राखायला आता माणसंच नाहीत. ज्या क्लबात एकेकाळी वीस-वीस जण मैदानावर असत, तिथे आता निम्म्याहून कमी असतात, आणि त्यांतलेही बरेच निवृत्तीनंतर पुन्हा कामावर आलेले. जपानमध्ये साठीपुढच्या लोकांना हलकी कामं मिळवून देणारी ‘सिल्व्हर मनुष्यबळ केंद्रं’ गावोगाव आहेत. त्यांचा उगम तोक्योच्या एदोगावा वॉर्डातला, १९७५चा. याच वॉर्डातल्या निशी-कासाईत आज आपली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. उद्यानाच्या कडेला हेल्मेट घालून कमरेच्या यंत्राने गवत कापणारे आजोबा तिथल्या प्रत्येक मराठी घराने पाहिलेले असतात. १९८६मध्ये या केंद्रांना कायद्याचं बळ मिळालं. त्यांच्या सभासदांचं सरासरी वय आता सत्तरीच्या पुढे गेलं आहे, आणि गवत कापणं हे त्यांचं ठरलेलं काम. त्यामुळे गोल्फच्या मैदानावर असं दृश्य दिसतं की खेळणारा सत्याहत्तर वर्षांचा आणि त्याच्यासाठी गवत राखणारा त्र्याहत्तरचा. एक जण पैसे देतो, दुसरा घेतो, दोघांचे गुडघे सारखेच. उन्हाळ्यात उष्माघाताच्या भीतीने कामाचे तास आवरते घ्यावे लागतात, नेमके त्याच दिवसांत जेव्हा बेंटला सर्वाधिक हात हवे असतात.

पैशाचं काय झालं हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. ऐंशीच्या दशकात जपानी गोल्फ क्लब सभासदांकडून मोठी ठेव घेत. दहा वर्षांनी मागितली तर परत, तोवर बिनव्याजी. त्या पैशातून मैदान आणि क्लबहाउस उभं राही, आणि सभासदत्वाची खरेदी-विक्री शेअरसारखी चाले. १९८७मध्ये रिसॉर्ट कायदा आला, डोंगरच्या डोंगर गोल्फसाठी कापले गेले. १९९०च्या सुमारास तोक्योजवळच्या कोगानेई क्लबचं सभासदत्व चाळीस कोटी येनच्या वर गेलं होतं. लबाडीही झाली. इबाराकी कंट्री क्लबच्या प्रवर्तकांनी सभासद तीन हजारांच्या आत ठेवू असं सांगून पन्नास हजारांवर सभासदत्वं विकली. हे प्रकरण १९९१मध्ये उघडकीला आलं आणि पुढच्या वर्षी सभासद-करारांवर अंकुश ठेवणारा कायदा झाला. फुगा फुटल्यावर ठेवी परत मागायची वेळ आली, क्लबांकडे पैसे नव्हते. दोन हजार सालाच्या आगेमागे क्लबांमागून क्लब दिवाळखोरीत गेले. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार या अमेरिकी गुंतवणूकदारांनी ते स्वस्तात घेतले, आणि त्यांतून अकॉर्डिया आणि पीजीएम या दोन मोठ्या साखळ्या तयार झाल्या.

त्या काळातली क्लबहाउसं आजही उभी आहेत. इटालियन संगमरवर, झुंबरं, दोनशे माणसांची भोजनगृहं. ग्रीनखाली मात्र पुष्कळ ठिकाणी पाण्याचा नीट निचरा न होणारी माती आहे. चांगल्या ग्रीनखाली खडीचा थर आणि त्यावर फूटभर चाळलेली वाळू असावी लागते. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६०मध्येच त्याची रीत घालून दिली होती. मला याचा राग येतो. सभासदाने आयुष्याची पुंजी दिली ती खेळण्यासाठी, आणि ती गेली दिसण्यावर. छप्पर गळलं की लगेच कळतं. जमिनीखालचा निचरा तुंबला तर पंधरा-वीस वर्षांनी कळतं, आणि तोवर बांधणारे निघून गेलेले असतात.

गोल्फवर जपानमध्ये वेगळा करही आहे. माणशी, दर फेरीला साधारण ८०० येन, फार तर १,२०० येन. प्रांत तो गोळा करतो आणि त्यातले सात दशांश मैदान ज्या गावात आहे त्या गावाला मिळतात. सत्तरीपुढच्यांना आणि अठराच्या आतल्यांना तो माफ आहे. म्हाताऱ्यांना ही सवलत मिळाली हे योग्यच झालं, पण खेळणारेच सत्तरीपुढचे झाले तशी डोंगरातल्या लहान गावांची एक आवक आटत चालली. गोल्फ खेळणाऱ्यांची संख्या नव्वदच्या दशकातल्या शिखरापासून निम्म्याहून खाली आली आहे. करोनाच्या काळात उघड्यावरचा खेळ म्हणून तरुण वळले, तेवढा थोडा दिलासा मिळाला.

ज्यांना डोंगरातले क्लब परवडत नाहीत अशा निवृत्तांचा गोल्फ नदीच्या पात्रात चालतो. आराकावा आणि तामा या नद्यांच्या बांधांआड, पूर आला तर बुडायच्याच जागेत, सपाट आणि स्वस्त मैदानं आहेत. हातगाडीवर पिशवी ठेवून चालत खेळायचं, जेवणाचा थाट नाही, लोकलने यायचं. मला ही मैदानं मनापासून आवडतात. १२ ऑक्टोबर २०१९ला हागिबिस वादळ आलं आणि ती बुडाली. त्याच रात्री कावागोएत ओप्पे नदीचा बांध फुटला, तिथल्या एका वृद्धाश्रमात पाणी शिरलं, आणि सुमारे शंभर वृद्धांना दुसऱ्या दिवशी होड्यांतून सुखरूप बाहेर काढलं. मैदानांवर पाणी ओसरल्यानंतर उरला तो गाळ. गवत पाण्याखाली दोन-तीन दिवस तग धरतं, गाळाखाली धरत नाही. वाळला की तो सिमेंटसारखा घट्ट होतो आणि पुढे वर्षानुवर्षं वाळूच्या थरांत एक न झिरपणारी पट्टी होऊन बसतो. फावड्याने खरवडून, पाण्याने धुऊन, पुन्हा पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडून वाळू भरावी लागते. असा खर्च स्वस्त मैदानांना झेपणं कठीण.

औषधांची एक बाजू आहे, तीही टाळून चालणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोल्फच्या मैदानांवरून वाहणारं पाणी खेड्यांच्या विहिरी-ओढ्यांत जातं म्हणून जपानभर आंदोलनं झाली. १९९०मध्ये पर्यावरण खात्याने मैदानांतून बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या कीटकनाशकांसाठी मर्यादा ठरवल्या, आणि चिबा प्रांताने नव्या मैदानांनी औषधं वापरूच नयेत असा आग्रह धरला. १९९३मध्ये आशियातल्या संघटनांनी मिळून गोल्फविरोधी जागतिक मोहीम सुरू केली, तिच्यात जपानी कार्यकर्ते पुढे होते. गोव्यालाही हा वाद ओळखीचा आहे. तेरेखोलला गोल्फ रिसॉर्ट येणार म्हटल्यावर तिथली कुळं जमिनीसाठी उभी राहिली होती. या विरोधाने जपानी ग्रीनकीपरांना शिस्त लावली हे मान्य करायला हवं. आता ते डोळे मिटून फवारत नाहीत, रोग ओळखून तेवढ्या चट्ट्यालाच औषध देतात. पण अशा नेमक्या औषधोपचाराला पुन्हा पाहणारा डोळा आणि चालणारे पाय लागतात.

जी मैदानं तगली नाहीत किंवा झालीच नाहीत त्यांचं काय होतं हे कागोशिमातल्या कानोयात दिसतं. गोल्फसाठी राखून अनेक दशकं पडीक राहिलेल्या जागेवर तिथे ९२ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०२०मध्ये सुरू झाला. २०१२मध्ये सौरविजेला घसघशीत दर मिळाला तेव्हापासून बंद पडलेली पुष्कळशी मैदानं काचेखाली गेली. उतार आयता, रस्ता आयता, झाडं आधीच तोडलेली.

म्हाताऱ्यांनी यातून स्वतःच्या वाटाही काढल्या. तोत्तोरी प्रांतातल्या तोमारी गावात १९८२मध्ये ‘ग्राउंड गोल्फ’ निघाला. त्याला भोक नाही, लोखंडी कडं असलेला खांब उभा करायचा. तो शाळेच्या मातीच्या मैदानावरही खेळता येतो. पुढच्याच वर्षी होक्काइदोतल्या माकुबेत्सु गावात ‘पार्क गोल्फ’ जन्माला आला. एकच काठी, सहा सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चेंडू, वीस सेंटिमीटरचं भोक, एकही होल शंभर मीटरहून लांब नाही. आजी, मुलगा, नात एकत्र खेळतात, हवेत उंच चेंडू मारायचाच नसतो. पार्क गोल्फची मैदानं नगरपालिकांची असतात, फी चहाच्या किमतीएवढी किंवा तीही नाही. पण इथेही गवत लागतंच. होक्काइदोत बेंटसारखी थंड हवेची गवतं सुखाने वाढतात. तिथला शत्रू बर्फ. चार महिने बर्फाखाली दबलेल्या गवताला एक खास बुरशी धरते, आणि वसंतात बर्फ वितळला की राखाडी-गुलाबी चकत्या दिसतात. नोव्हेंबरात, पहिला मोठा बर्फ पडण्याच्या आधीच्या नेमक्या आठवड्यात औषध फवारावं लागतं. आठवडा हुकला की वर्ष गेलं. ते फवारायला येणारे अनेकदा खेळणारेच असतात, पालिकेचे नोकर नव्हेत. खेळणाऱ्याने स्वतःच्या गवताची जबाबदारी घेतलेली असल्यामुळे तिथे तक्रार कमी आणि चर्चा जास्त ऐकू येते.

सायतामाच्या क्लबांपुढे आता जे पर्याय आहेत ते सगळे थोडेथोडे कडू आहेत. कापण्याची उंची तीन-साडेतीनवरून साडेचार मिलिमीटरवर न्यायची. पान मोठं राहिलं तर गवत तगतं, पण चेंडू मंदावतो. ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोन दिवस मैदान बंद ठेवायचं. सावली करणारी सीडर झाडं तोडून हवा खेळती करायची, आणि ती झाडं ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी लावली ते सभासद अजून हयात आहेत. ग्रीनचं क्षेत्रफळ कमी करायचं. आणि शेवटचा पर्याय, ज्याचं नाव काढलं की सभेत शांतता पसरते, तो म्हणजे कोराई परत आणायचं. इझूच्या किनाऱ्यावरचा कावानाचा फुजी कोर्स कोराई ग्रीनसाठीच नावाजला, समुद्रावरच्या त्या मैदानाला त्यामुळे कुणी कमी लेखलं नाही. दक्षिणेकडे बर्म्युडाचे संकरित वाणही लावले जातात. ते आपल्या हरळीच्या, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्याच कुळातले. मुंबई-पुण्याच्या मैदानांवरही तेच गवत. चाळीस अंशांत ते हसतखेळत वाढतं. सायतामाच्या हिवाळ्यात मात्र तेही कोराईसारखंच पिवळं पडेल.

माझं मत कोराईच्या बाजूने आहे. मंद ग्रीनवर एजशूट होत नाही असं नाही. चट्टे पडलेल्या ग्रीनवर मात्र तो नशिबाचा खेळ होतो. हिवाळ्यात गवत पिवळं दिसेल, चेंडू कल धरून वळेल, हे आज सत्तरी ओलांडलेल्यांना नवं नाही. ते कोराईवरच खेळ शिकले. एक-ग्रीनचा हट्ट धरणारे क्लब दर सप्टेंबरात मेलेल्या जागी नव्या बेंटचं बी टाकतात. दहा दिवसांत हिरवी लव येते, ऑक्टोबरात ग्रीन सुरेख दिसतो, सभासद खूश होतात आणि कोराईचा ठराव पुढच्या सभेवर जातो. ग्रीनकीपर मात्र नळी खुपसून मुळं मोजत राहतो. त्याचं अंदाजपत्रक जानेवारीत सादर व्हायचं असतं, आणि त्यात त्याने पंख्यांच्या विजेच्या आधी दोन माणसांचा पगार मागितलेला असतो.